पिन हलत होती

थांबा, आधी हे हात बघा माझे. बघितले? तीनदा साबणाने धुतलेत, एकदा रॉकेलने, आणि एकदा आईचं लक्ष नसताना तिच्या भांडी घासायच्या घासणीने. नखांतलं काळं काही केल्या जात नाही. ऑफिसात परवा एकीने विचारलं, "बागकाम करतेस का?" मी म्हटलं, बस खाली, सांगते. तिचा जेवणाचा अर्धा तास गेला. तुमचाही जाणारे, आत्ताच सांगून ठेवते.

आमची गाडी माहितीये ना? खाली गॅरेजमध्ये असते ती. आजोबांची. दोन गोल दिवे, एखाद्या जाडजूड मावशीने कमरेवर हात ठेवून उभं राहावं तसा ऐसपैस मागचा भाग, आणि रंग... रंग पूर्वी हिरवा होता म्हणतात. मी दुसरीत असताना ती शेवटची चालली. तेव्हापासून उभी आहे. पण उभी आहे म्हणजे बंद आहे असं समजू नका हं! दर रविवारी सकाळी आठ वाजता बाबा पेपर, चष्मा आणि चहाचा कप घेऊन खाली जातात, ड्रायव्हरच्या सीटवर बसतात, दार लावून घेतात. काच खाली, कोपर बाहेर, पेपर स्टिअरिंगवर टेकवलेला. पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत सगळा वाचतात. एखादी बातमी आवडली नाही की ब्रेक दाबतात. ब्रेक गंजलाय, दाबला जात नाही, पण ते दाबतात. मी स्वतः बघितलंय. मग दहा वाजता स्टिअरिंगला धरून उठतात आणि घरी येतात, अगदी लांबून प्रवास करून आल्यासारखे. आई विचारतेसुद्धा, "आलात? रस्त्यात गर्दी होती का?"

तर एका शनिवारी पत्र आलं. वाहन कार्यालयाचं. की तुमच्या या वाहनाची बरीच वर्षं तपासणी झालेली नाही. दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारी सकाळी अकरा वाजता आमचे निरीक्षक येतील, त्यांना वाहनावर ठोकलेला चेसिस नंबर प्रत्यक्ष दाखवावा. नंबर दिसला नाही तर वाहनाचं नाव नोंदवहीतून काढण्यात येईल आणि वाहन भंगारात जमा करावं लागेल.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी रविवार. आठ वाजले. बाबा पेपर, चष्मा, चहा घेऊन निघाले आणि जेवणाच्या टेबलाशी बसले.

आई म्हणाली, "अहो, गॅरेजची किल्ली हरवली का?"

"नाही. सवय करून बघतोय."

मी वाकून बघितलं. टेबलाखाली त्यांचा उजवा पाय हलत होता. बातमी वाईट असणार. मी तिथल्या तिथे उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, नंबर मी दाखवते. दोन दिवसांत." हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते मला बऱ्याच जणांनी ऐकवलं.

सोमवारी मी वाहन कार्यालयात. खिडकीत एक बाई. मी विचारलं, "मॅडम, गाडीचा नंबर कुठे असतो?"

"गाडीवर."

"गाडीवर कुठे?"

"ते गाडीवर अवलंबून आहे."

"फोटो काढून आणला तर चालेल?"

"फोटो चालेल. पण फोटोवर निरीक्षकांची सही लागते. आणि निरीक्षक फोटो बघून सही करत नाहीत."

मी गाडीचं नाव सांगितलं, आणि बाईंचा चेहराच बदलला. "अगं बाई, ती? गोल दिव्यांची? माझ्या मामांकडे होती!" उठल्या, कपाटातून एक जाडजूड जुनं पुस्तक काढलं, त्यावरची धूळ इतक्या मायेने फुंकली की मागची सगळी रांग शिंकली. चित्र काढून दाखवलं. "हे बघ. उजव्या बाजूची लोखंडी पट्टी. तिथे ठोकलेला असतो. पेडलच्या पत्र्याखाली."

"म्हणजे पत्रा काढावा लागेल."

"पत्रा काढायचा तर आधी पेडल काढावी लागतील."

"आणि पेडल काढायची तर?"

बाईंनी पान उलटलं. "स्टिअरिंग."

"म्हणजे एक नंबर वाचायला अख्खी गाडी खोलायची?"

"अख्खी कशाला?" बाई म्हणाल्या. "मागची सीट राहू दे."

मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून आले आणि लागले कामाला. मोबाईलवर अकरा व्हिडिओ बघितलेले, अंगात बाबांचा जुना शर्ट, खिशात पाना. स्टिअरिंगच्या मधला नट दहा मिनिटांत निघाला! मी तुम्हाला फोटो पाठवला होता, आठवतंय? "एक झालं, दोन राहिली." एकही झालं नव्हतं. नट निघाला, चाक निघेना. बघा, ते चाक एका दांड्यावर बसलेलं असतं, दांड्याला दात, चाकाला दात, आणि मधे गंज. दोघांनी एकमेकांचा हात असा काही धरला होता की लग्नात इतकी वर्षं कुणी धरत नाही.

आता आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. निवृत्त झाल्यापासून ते बाल्कनीत असतात, आणि बाल्कनीतून गॅरेजचं दार दिसतं. त्यामुळे काम मी खाली करायचे आणि ते वरून. "तेल घाल! ... एवढं नको! ... डावीकडे ढकल! अगं, माझं डावीकडे!" त्यांना ऐकून सोसायटीचे सेक्रेटरी आले. सेक्रेटरींना कुठल्याही कामात पहिला प्रश्न पडतो तो म्हणजे परवानगी घेतली का. मी म्हटलं, माझ्याच गाडीचं स्टिअरिंग काढायला परवानगी कसली? ते म्हणाले, "तसं नाही, पण विचारलं असतं तर बरं वाटलं असतं." मग मी विचारलं. त्यांना बरं वाटलं. आणि ते स्टूल घेऊन तिथेच बसले.

तिसरा पैलवान. दुसऱ्या मजल्यावरचा, जिममध्ये शिकवतो. मान आहे की नाही हे समोरून कळत नाही. तो आला, दोन्ही हातांनी चाक धरलं, डोळे मिटले आणि ओढलं. गाडीचं नाक उचललं गेलं! खरंच! टायर सपाट होते तेही क्षणभर गोल झाले. शर्ट काखेत फाटला. चाक तिथेच. पैलवान उतरला, चाकाकडे आदराने बघितलं आणि म्हणाला, "काय बनवलीय राव!"

मग मी. व्हिडिओत सांगितलं होतं की नट पूर्ण काढू नका, दोन आटे ठेवा, नाहीतर चाक सुटून तोंडावर येतं. मला वाटलं, तोंडावर येऊ दे, पण येऊ दे! नट काढूनच ठेवला. दोन्ही पाय डॅशबोर्डवर लावले आणि जीव खाऊन ओढलं. काहीतरी 'कडाड' झालं. मी ओरडले, "निघालं!" निघाली होती सीटची पाठ. मी उताणी, पाय वर, हातात काहीच नाही, आणि नेमके त्याच वेळी सेक्रेटरी एका नवरा-बायकोला घेऊन आले. भाड्याने फ्लॅट बघायला आले होते बिचारे, त्यांना पार्किंग दाखवायचं होतं. सगळे माझ्याकडे बघतायत. सेक्रेटरी म्हणाले, "ही मुलगी इथलीच आहे. पण रोज अशी नसते." ते कुटुंब परत आलं नाही. सेक्रेटरी अजून मला जबाबदार धरतात.

असे चार दिवस गेले. शनिवारी संध्याकाळी बाबा खाली आले, "काय, कुठवर आलं?" विचारत, आणि बोलता बोलता सवयीने ड्रायव्हरच्या सीटवर बसले. दोन मिनिटं बसले, इकडेतिकडे बघितलं. "राहू दे ग, होईल तसं होईल," म्हणाले, आणि नेहमीसारखं स्टिअरिंगला धरून उठले.

आणि चाक हातात आलं.

बाबा गॅरेजच्या दारात उभे, हातात स्टिअरिंग, एखाद्याच्या घरचं ताट चुकून घेऊन निघाल्यासारखा चेहरा. "मी काही केलं नाही," म्हणाले. वरून काका ओरडले, "मी म्हटलं नव्हतं? डावीकडे!"

इथपर्यंत म्हणजे सोपं होतं बरं का. खरी गोष्ट पुढे आहे.

स्टिअरिंगचा दांडा चार बोल्ट काढल्यावर निघाला. आता पेडल. क्लच आणि ब्रेक दोन्ही एका आडव्या लोखंडी दांड्यावर लटकलेली. तो दांडा बाजूला सरकवून काढायचा की झालं. पण ब्रेकच्या पेडलमधून आणि दांड्यातून आरपार एक पिन ठोकलेली. करंगळीएवढी. ती काढली की पेडल मोकळं, दांडा मोकळा, पत्रा मोकळा, नंबर समोर. एवढीशी पिन! मी हातोडा घेतला, ड्रायव्हरच्या बाजूने पिनचं टोक समोरच दिसत होतं, तिथे एक जुना खिळा लावला आणि ठोकलं. जरा हलली! मी उडालेच. "हलली, हलली!"

दुसऱ्या दिवशी रविवार. पैलवानाने ठोकलं. "हलली! माझ्या हाताला कळलं!" वरचे काका पहिल्यांदाच बाल्कनीतून खाली आले, त्यांनी ठोकलं. "हलली बरं का!" सेक्रेटरी सकाळीच फळ्यावर सूचना लावून आले होते, 'दुपारी दोन ते चार या वेळेत गॅरेजमध्ये ठोकाठोक करू नये.' दोन वाजून दहा मिनिटांनी मी खाली गेले तर सेक्रेटरी बनियनवर, हातात हातोडा. मी म्हटलं, "अहो, सूचना?" ते म्हणाले, "मी ठोकत नाहीये, तपासतोय," आणि अजून चार दणके तपासून घेतले. "हलली," म्हणाले. "स्पष्ट हलली."

आता यात आत्या कुठे, ते सांगते. बाबांची मोठी बहीण. बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान एवढं की दोन गिऱ्हाइकं आत गेली तर तिसऱ्याने बाहेर श्वास घेऊन यायचा. लग्न केलं नाही. कमी बोलते. दर रविवारी दहाच्या ठोक्याला आमच्याकडे येते, ती आम्हाला भेटायला नाही, भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायला. आम्ही किल्ली दिली तर तिला पटत नाही. बाबा म्हणे जास्त पिळतात. ती स्टुलावर चढते, डोळे मिटून आठ वेढे देते आणि आठव्याला थांबते. तिला विचारलं, थांबायचं कधी हे कसं कळतं, तर म्हणते, "ते सांगतं." आणि तिची अजून एक सवय, उघडलेल्या प्रत्येक घड्याळाच्या पिना ती एकेका काडेपेटीत ठेवते. काडेपेटीवर चिठ्ठी, कुणाचं घड्याळ, कुठली पिन. दुकानात काडेपेट्यांची भिंत आहे नुसती.

तर त्या रविवारी दहाला आत्या आली, गॅरेजपाशी थांबली. आत आम्ही पाच जण, धाड धाड चाललेलं. तिने जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "कुठल्या बाजूने ठोकताय?"

सेक्रेटरी म्हणाले, "ताई, मागे व्हा, ठिणगी उडते, डोळ्यांना जपा."

"अहो, पण बाजू कुठली—"

"आत्या," पैलवान हसत म्हणाला, "हे घड्याळ नाहीये!"

सगळे हसले. मीही हसले. हे सांगायलाच पाहिजे तुम्हाला, मीही हसले. आत्या "बरं" म्हणाली आणि वर किल्ली द्यायला गेली.

पुढचा आठवडा काय सांगू! बुधवारी सेक्रेटरींच्या ओळखीचा वेल्डर आला. त्याने सांगितलं, गरम केलं की लोखंड फुलतं आणि पिन ढिली होते. ज्योत लावली. पिनला काही झालं नाही. मागच्या सीटवर आईने ठेवलेल्या जुन्या गादीला मात्र धूर यायला लागला. पैलवानाने प्रसंगावधान दाखवलं. गादी बाहेर फेकली आणि तिच्यावर बसला. आग तिथेच विझली. पण वरच्या काकांना बाल्कनीतून फक्त धूर दिसला, त्यांनी बादलीभर पाणी खाली ओतलं, आणि ते बरोब्बर बाबांच्या डोक्यावर, कारण बाबा त्याच वेळी दुसरी बादली घेऊन धावत आले होते. बाबा ओलेचिंब उभे, हातातली बादली भरलेली तशीच. काका वरून विचारतायत, "विझली का?" बाबा म्हणाले, "मी विझलो."

गुरुवारी पुन्हा ठोकाठोक. शुक्रवारी पुन्हा. येणारा-जाणारा एक हात मारून जायचा. पोस्टमनने मारला, आईने मारला, वाहन कार्यालयाच्या खिडकीतल्या त्या बाई हाफ डे टाकून गाडी बघायला आल्या होत्या, त्यांनीही मारला. आणि गंमत म्हणजे प्रत्येकाला ती हलल्याचं जाणवत होतं! "हलली" म्हणून प्रत्येक जण खूश होऊन घरी जात होता. फक्त पिन निघत नव्हती. पिनचं टोक ठोकून ठोकून छत्रीसारखं पसरलं होतं. माझ्या तळहातांना फोड आले. शनिवारी रात्री जेवताना मला घास उचलवेना. बाबांनी माझे हात बघितले आणि उठून चमचा आणून दिला.

रविवार. उद्या अकराला साहेब येणार. मी खाली गाडीच्या पायरीवर बसले होते, पैलवान जमिनीवर, सेक्रेटरी स्टुलावर, काका दारात. बाबा आले, ड्रायव्हरच्या सीटवरची त्यांची ती चपटी, मधे खड्डा पडलेली उशी उचलली, काखेत मारली. "खूप केलंस ग. तुम्ही सगळ्यांनीच केलंत," म्हणाले आणि जिना चढायला लागले.

जिन्यात आत्या. दहा वाजले होते ना. ती वर घड्याळाकडे निघालेली. तिने उशी बघितली.

"ही कुठे चालली?"

"वर. उद्या गाडी जाणार ताई. निदान उशी तरी..."

आत्या दोन पायऱ्या वर उभी होती. ती वळली आणि खाली उतरली. घड्याळाला किल्ली न देता! आमच्या घरात असं कधी झालेलं नाही. आईने वरून हाक मारली, "ताई, घड्याळ?" आत्या म्हणाली, "थांबेल ते."

गॅरेजमध्ये आली. पर्समधून डोळ्याला लावायचं भिंग काढलं, लावलं. चप्पल काढून गाडीत शिरली, अशी, देवघरात... नाही, दुसऱ्याच्या दुकानात शिरावं तशी, कशाला धक्का न लावता. पिनच्या या टोकावर बोट फिरवलं. मग हात मागे घालून पलीकडच्या टोकावर बोट फिरवलं. मग पर्समधून माप घ्यायचं ते जबडेवालं छोटं यंत्र. पसरलेल्या छत्रीखाली, पिन जिथे पेडलमध्ये शिरते तिथे लावलं. मग पलीकडे लावलं. आम्ही सगळे खिडक्यांतून डोकावून.

"इकडे जाड आहे," आत्या म्हणाली. "तिकडे बारीक."

"म्हणजे?" मी.

"निमुळती पिन आहे. घड्याळातही अशाच असतात, सुईएवढ्या. जाड बाजूने ठोकून बसवायच्या, बारीक बाजूने ठोकून काढायच्या." तिने भिंग वर केलं आणि आमच्याकडे बघितलं. "तुम्हाला रोज हलल्यासारखी वाटत होती ना?"

"हो!" आम्ही सगळे एका सुरात. निदान तेवढं तरी श्रेय!

"हलतच होती," आत्या म्हणाली. "आत."

पैलवानाने तर स्वतःच्या दंडाकडे असं बघितलं, जणू त्याने घरचं चोरून बाहेर दिलंय. सेक्रेटरी हळूच म्हणाले, "म्हणजे मी तपासलं ते..." आणि हातोडा स्टुलाखाली सरकवला. आणि मला, मला मागचा रविवार आठवला. "कुठल्या बाजूने ठोकताय?" एवढंच विचारलं होतं तिने. आणि मी हसले होते.

काका म्हणाले, "पण ताई, पलीकडून ठोकायचं कसं? तिकडे पत्र्याची भिंत आहे, हातोडा काय, हातसुद्धा धड जात नाही."

आत्या गाडीतून उतरली, पुढे गेली, झाकण उघडून इंजिनाच्या बाजूने वाकली. मग मला विचारलं, "इथे टॉर्च कुणी लावलाय?"

मी लावला होता. त्या पत्र्याला एक भोक होतं, रबरी बुचाचं. बुच काढून टाकून मी आठ दिवस त्यात टॉर्च खोचून ठेवत होते, उजेड छान यायचा, बरोब्बर पिनवर. बरोब्बर पिनवर! कळतंय का तुम्हाला? आत्याने टॉर्च काढला आणि माझ्या हातात दिला. "बनवणारा उगाच भोक ठेवत नाही," म्हणाली. "सळई इथून घालायची. त्याने सोय करून ठेवलीय."

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. कोण, कुठला, कधीचा. त्याने इतक्या वर्षांपूर्वी विचार केला होता, की कधीतरी कुणीतरी ही पिन काढेल, आणि त्याला वाट ठेवू. आणि आम्ही त्या वाटेत टॉर्च खोचला.

आत्याने सुईसारख्या तोंडाच्या बाटलीतून दोन्ही टोकांना तेलाचा एकेक थेंब सोडला. "आता उद्या सकाळी आठपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

पैलवान म्हणाला, "आत्ताच एक मारून बघू?"

"नाही."

"हळूच?"

आत्याने नुसतं बघितलं. पाच मिनिटांत फळ्यावर सेक्रेटरींची सूचना, 'पिनला हात लावू नये. हुकुमावरून, आत्या.' तिचं नाव त्यांना माहीत नव्हतं, आम्ही कुणीच कधी घेत नाही ना.

सोमवारी दुकान बंद ठेवून ती आठला हजर. फडक्यात गुंडाळलेली पोलादी सळई, भोकाच्या मापाची, रात्रीत घासून आणलेली. हातोडा मात्र इतका लहान की पैलवान दुसरीकडे बघायला लागला. तिने त्यालाच बोलावलं. मोठा घण दिला, गाडीत आडवं पडून पेडलच्या दांड्याला खालून टेकवून धरायला सांगितला. "नुसता धर. जोर लावायचा नाही."

"नुसता?"

"नुसता."

तो नंतर म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला जोर लावू नको म्हणून सांगितलं, आणि ते फार अवघड होतं.

टक. आत्या थांबली, कान दिला. टक. पुन्हा कान. आम्ही सगळे कान देऊन. आम्हाला काही कळत नव्हतं, पण आम्ही माना हलवत होतो. "कुठल्या आवाजाची वाट बघतेस?" मी कुजबुजले. ती म्हणाली, "भरीव येतोय. पोकळ आला पाहिजे." साडेआठ. नऊ. एक टक, मग तेल, मग थांबणं. दहा वाजले. मी घड्याळ बघत होते, आत्या एकदाही बघत नव्हती. दहा वाजून वीस मिनिटांनी टक झालं आणि तिच्या भुवया वर गेल्या. मलाही कळला फरक, शपथ! तसाच आवाज, पण आतून मोकळा. ती म्हणाली, "आता," आणि एक मारली. तेवढी एकच जोरात.

पिन टुणकन उडाली आणि पैलवानाच्या छातीवर पडली. "निघाली!" तो झोपल्या जागेवरून इतक्या मोठ्याने ओरडला की वरच्या काकांनी सवयीने बादली उचलली.

त्यानंतर नुसती पळापळ. दांडा सरकवला, पेडल काढली, पत्र्याचे स्क्रू, एक स्क्रू गोल झालेला, त्याला आत्याने कसं काय केलं मला दिसलंच नाही. पत्रा उचलला आणि दारात आवाज आला, "नमस्कार, निरीक्षक." अकराला दोन मिनिटं कमी होती. सेक्रेटरींनी हातातला हातोडा पाठीमागे लपवला.

पट्टीवर नुसता मळ. आत्याने तिचा तो डायलवरची धूळ झटकायचा मऊ ब्रश काढला आणि एकेक आकडा पुसला. साहेब कागदाशी ताडून बघत होते. बरोबर, बरोबर, बरोबर. आणि शेवटच्या आकड्याला थांबले. "हा तीन दिसतोय. कागदावर आठ आहे."

बाबा मागे उशी घेऊन उभे होते. ती कधी खाली आणली त्यांनी, देव जाणे. त्यांनी ती घट्ट धरली.

"तीन असेल तर ही ती गाडी नाही," साहेब म्हणाले. वाईट माणूस नव्हता, त्यालाच ते बोलताना अवघड वाटत होतं.

आत्याने डोळ्यावरचं भिंग काढून त्यांच्यापुढे धरलं. "याने बघा."

साहेबांनी लावलं. वाकले. बघत राहिले. इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "आठ आहे. डावी बाजू गंजाने खाल्लीय. पण ठोकलेल्या खुणा आहेत खाली." मग तसंच भिंग लावून त्यांनी पिन बघितली, भोक बघितलं, पेडल बघितली, पैलवानाचा ठोकताना सुजलेला अंगठा बघितला. "काय बनवलीय हो!" म्हणाले. शेवटी भिंग परत देताना स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ पुढे केलं, "ताई, हे रोज चार मिनिटं मागे पडतं. काय करता येईल?"

मग अर्ज भरायला घेतला. "वाहनाची सध्याची स्थिती?" असा रकाना होता. साहेबांनी नजर फिरवली. स्टिअरिंग खुंटीला टांगलेलं. पेडल पेपरवर. सीटची पाठ भिंतीला. आम्ही पाच जण काळे-निळे. त्यांनी जरा विचार केला आणि लिहिलं, 'दुरुस्ती सुरू आहे.' सही. शिक्का.

बाबा गाडीत शिरले, उशी ठेवली, बसले. सोमवार होता, पेपर नव्हता बरोबर, तरी बसले. पाय पुढे घातला, तिथे पेडल नव्हतं. हात पुढे घातले, तिथे चाक नव्हतं. तसेच हवेत हात धरून बसले होते, आणि तुम्हाला सांगते, इतका रुबाबदार ड्रायव्हर मी बघितलेला नाही. उठताना मात्र धरायला गेले आणि परत बदकन खाली बसले.

आत्याने पिन पुसली, खिशातून काडेपेटी काढली, चिठ्ठी लिहिली, 'भावाची गाडी, ब्रेक', आणि पिन आत ठेवली. मग आम्हा सगळ्यांकडे वळून विचारलं, "आता सांगा. परत बसवताना कुठून ठोकायची?"

आता आम्ही शहाणे झालो होतो! काका, सेक्रेटरी, पैलवान, मी, चौघांचे हात एकदम उठले आणि चौघांनी एकजात त्या टॉर्चच्या भोकाकडे बोट दाखवलं. जिकडून तिने ठोकलं होतं तिकडे.

आत्याने काडेपेटी पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली.

"बसवायला तुमचीच बाजू बरोबर होती," ती म्हणाली. "आठ दिवस तेच तर करत होतात." आणि वर गेली, घड्याळाला किल्ली द्यायला.